हरिबाची शीळ

बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाच्या पोरीला लग्नाच्या मांडवात न्या, ती नवरा-नवरी बघणार नाही. ती म्हातारे बघत बसणार. कुणाचं तोंड पार बोळकं झालंय, कुणाच्या हिरड्या चांगल्या भरीव आहेत, कोण सात-आठ हेलपाटे घालायला तयार होईल. परीक्षेला बसायच्या आधी आम्हाला ठरावीक कवळ्या स्वतःच्या हातानं पूर्ण कराव्या लागतात, आणि पेशंट काही झाडाला लागत नाहीत. माझी मैत्रीण प्रतीक्षा तर आत्याच्या सासऱ्याच्या तेराव्याला गेली आणि तिथून दोन म्हातारे ठरवून आली. मी तिला निर्लज्ज म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात हरिबाआबांना गाठलं.

हरिबाआबा आमच्या नात्यातले नव्हेत. आमचं वावर नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून दोन शेतं सोडून. हरभरा निघाला की दरवर्षी त्यांची मेंढरं आमच्या वावरात बसतात. दिवसा माळावर चरायचं आणि मुक्कामाला आमच्याकडं यायचं. जमिनीला लेंडीखत मिळतं, आबांच्या घरी आमची ज्वारी जाते. हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. आबांचं वय त्यांनाही ठाऊक नाही. विचारलं तर "भूकंप झाला तवा थोरलीचं लगीन व्हऊन वरीस झालं व्हतं" एवढं सांगतात, त्र्याण्णव सालापासून पुढचा हिशेब आपण करायचा.

उंच, वाळका माणूस. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. बोलणं इतकं कमी की माझी आई म्हणायची, या माणसाला बायकोनं कसं सहन केलं असेल. पण आबांना बोलायची गरजच नव्हती. त्यांची शीळ होती. जीभ पुढच्या दातांमागं लावून ते अशी शीळ घालायचे की बांधापलीकडचा कळप जागच्या जागी थांबायचा. थांबायची एक, वळायची एक आणि पाण्यावर चला म्हणायची एक, अशा तीन शिळा. लहानपणी मी ओट्यावर बसून नक्कल करायचे आणि नुसती थुंकी उडवायचे. मग आई पाठीत धपाटा घालायची.

मी हॉस्टेलला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका एडक्यानं आबांना समोरून धडक दिली. वरचे पुढचे दात तिथंच गेले. बाकीचे तंबाखूनं आधीच हलत होते, ते एकेक करून पडले. मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. मला पेशंट मिळाला होता.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आबांच्या जबड्याची मापं घेतली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मेणात दात बसवलेली कच्ची कवळी त्यांच्या तोंडात घातली. या पायरीला पेशंटला साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावतात, 'स' नीट येतो का ते बघायला. आबा म्हणाले, "साठ, एकसष्ट, बासष्ट," आणि प्रत्येक 'स'बरोबर बारीक शिट्टी वाजली. पुस्तकात याला दोष म्हणतात. आमचे शिवराज सर वाकून म्हणाले, "हवा निसटतेय. पुढच्या दातांमागं थोडं मेण भर." मी भरलं. शिट्टी बंद झाली. सर "छान" म्हणाले, आणि शिवराज सर छान म्हणतात ते वर्षातून एकदा, त्यामुळं मी हवेतच होते. आबांनी खुर्चीतून फक्त विचारलं, "झालं?" मी झालं म्हणाले, त्यांच्या कार्डावर तेवीस मार्च ही पुढची तारीख लिहिली आणि खाली सही ठोकली.

ती तारीख आलीच नाही. कोरोना आला आणि आठवडा संपायच्या आत हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. मेणाची कवळी लॉकरमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि आठ दिवसांचे कपडे घेऊन एसटीनं घरी आले.

एप्रिलात हायवे असा गप्प झाला की आमच्या ओट्यावरून टिटवी ऐकू यायची. आबांची मेंढरं मात्र वेळेवर आली, त्यांना कोण अडवणार. एके दिवशी अर्धा कळप शेजारच्या कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात घुसायला निघाला. आबा बांधावर उभे होते. त्यांनी तोंडाचा चंबू केला, फुंकर मारली, नुसती हवा आली. त्यांची सून जगदेवी पदर खोचून उन्हात पळाली, ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. मी लांब उभी राहून विचारलं, "आबा, शीळ का नाही घालत?"

आबांनी हसून हिरड्या दाखवल्या. "कशानं घालू? दात तुझ्या कपाटात हायत."

"म्हणजे तुम्हाला दात शिळेसाठी पाहिजे होते?"

"मग कशापायी? भाकर काय, दुधात कुस्करली की हिरड्यांनीबी खाता येती. त्या दिशी तुझ्या कॉलेजात म्या साठ-एकसष्ट म्हनलं न्हवं का, तवा आलीच व्हती की शीळ तोंडात. अडीच सालानं आली व्हती. तू मेण लावून बुजवलीस."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमच्यात तसाच नियम आसंल," आबा म्हणाले आणि जगदेवीच्या मदतीला निघून गेले.

मला फार लाज वाटली. ती शीळ ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि माणूस समोर बसवल्यावर 'दात कशाला पाहिजेत' एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. पुस्तकात चावणं, बोलणं आणि दिसणं ही तीन कारणं दिलीत, त्यातलंच एक असणार म्हणून मी मोकळी झाले होते.

पुढचे दहा महिने मी डॉक्टरकी मोबाईलवर शिकले. दाढ कशी काढायची हे मी हरभऱ्याच्या ढिगावर बसून ऐकलंय, कारण रेंज तिथंच यायची. हात विसरू नये म्हणून मी साबणाच्या वड्यांतून दाढा कोरायचे. न्हाणीघरात सगळीकडं दाढाच दाढा. हात धुवा, हात धुवा असं सगळं जग सांगत होतं आणि आमचं घर खालच्या दाढेनं हात धूत होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा वैतागून म्हणाले, "हर्षे, एखादी वडी तरी वडीसारखी राहू दे."

दिवाळीनंतर हायवेवर ट्रक पुन्हा धावायला लागले. संक्रांतीच्या आठवड्यात आबांच्या कळपातल्या चार-पाच मेंढ्या रस्त्याकडं वळल्या, आबांना त्या थोपवता आल्या नाहीत आणि दोन मेंढ्या ट्रकखाली गेल्या. आबांचा मुलगा सोमलिंग काही वाईट माणूस नाही. पण त्या दिवशी तो आमच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, पाडव्यापातूर बघतो. मग मी आन जगदेवी कळप सांभाळतो, तुमी घरी बसा." पन्नास वर्षं कळपापुढं चाललेल्या माणसाला घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे त्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी कॉलेजची नोटीस आली. फेब्रुवारीपासून शेवटच्या वर्षाचं काम पेशंटवर सुरू, येताना पालकांची सही घेऊन या. ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. कुणाला परीक्षेची घाई होती, कुणाची आई सही करत नव्हती. प्रतीक्षाचा फोन आला. ती म्हणाली, "मला भीती वाटते गं, पण घरात बसून बसून आता मला आईचेच दात मोजावेसे वाटतात." मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले.

मी घरात सांगून टाकलं की मी जात नाही. कारण दिलं आण्णांच्या शुगरचं. ते खोटं नव्हतं, मी आजार घरी आणला तर काय, हा विचार माझा पिच्छा सोडत नव्हता. पण ते सगळं खरंही नव्हतं. बाकीचे डॉक्टर तेव्हा चार हातांवरून पेशंट बघत होते, आम्हाला माणसाच्या उघड्या तोंडात वाकावं लागतं. आणि आत खोल कुठंतरी मला वाटत होतं की मला आता काही येत नाही. साबण गप्प बसतो, त्याला रक्त येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात हजर. आंघोळ केलेली, धोतर पांढरंशुभ्र, पटका नवा. आण्णांनी त्यांना नोटिशीचं सांगितलं होतं, माझ्या 'नाही'चं सांगितलं नव्हतं. आबांनी कमरेच्या चंचीतून एक कार्ड काढलं. तंबाखूनं पिवळं पडलेलं, घडीवर फाटायला आलेलं. तेवीस मार्च, खाली माझी सही.

"माझी तारीख हुकली का वं?" त्यांनी विचारलं. "म्या आलो आस्तो, पर एसटी बंद व्हती."

दहा महिने या माणसानं ते कार्ड तंबाखूशेजारी जपलं होतं, आणि चूक झालीच असेल तर आपलीच, असं त्यांना वाटत होतं. मी आत गेले आणि बॅग काढली. आण्णांनी फॉर्मवर सही केली.

कॉलेजात एक सोडून एक खुर्ची रिकामी, मध्ये प्लास्टिकचे पडदे. पीपीई किट घातलं की पाच मिनिटांत पाठीवरून घाम ओघळायचा, चष्म्यावर वाफ धरायची, आणि कोण कुठली हे कळेना म्हणून आम्ही पाठीवर मार्करनं नावं लिहून घेतली. प्रतीक्षानं माझ्या पाठीवर 'मेंढपाळ' लिहिलं होतं, ते मला संध्याकाळी कळलं. लॉकर उघडला. आमच्याकडच्या उन्हाळ्यानं मेण पार वितळवलं होतं. दात घसरून एका कोपऱ्यात गोळा झाले होते. तोंडाच्या मापापासून पुन्हा सुरुवात करायची होती आणि पाडव्याला सव्वादोन महिने उरले होते.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं की. शीळ बुजवणारं मेणच वितळलं." दर आठवड्याला दोन एसट्या बदलून ते यायला लागले. दर वेळी दारात तपासणीवाले त्यांच्या नाकात काडी घालायचे. तिसऱ्यांदा मात्र आबा तिथल्या माणसावर तापले. "आरं, दात तोंडात बसवायचे हायत, तू नाकात काय हुडकतूस?"

पहिल्या दिवशी माप घ्यायला त्यांच्यावर वाकले आणि माझा हात थरथरायला लागला. मास्कच्या आत मी श्वास धरून ठेवला होता, जसं काही मी श्वास घेतला नाही तर त्यांचाही माझ्यापर्यंत येणार नाही. आबांनी ते बघितलं. तोंडातला मापाचा ट्रे बाहेर काढेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "म्या पयल्यांदा मेंढरू कातरलं तवा माझाबी हात असाच कापत व्हता. मेंढराला कायबी झालं न्हाय. माझंच बोट कापलं." आणि त्यांनी ते बोट दाखवलं, व्रण अजून होता. मी हसले, हसायचं तर श्वास सोडावाच लागतो. पुढचं माप नीट आलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ती मेणाची पायरी आली. आबा म्हणाले, "साठ, एकसष्ट," आणि 'स' अगदी स्वच्छ आला. आता मला तो नको होता. मी शिवराज सरांना बोलावलं आणि एका दमात सांगितलं की पेशंटला शीळ पाहिजे, मेंढरं वळवायची आहेत, त्याशिवाय या कवळीचा त्यांना काही उपयोग नाही.

सरांनी वाकून आबांकडं बघितलं. फेस शील्डमागून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग म्हणाले, "वीस वर्षांत शिट्टी घालवायला सगळे आले. मागायला आलेले हे पहिलेच." मग विचारलं, "परीक्षक दोष म्हणून धरेल. काय सांगशील?"

"पेशंटला विचारून केलंय, असं सांगेन सर. मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

"आणि ती येते की नाही हे कसं बघणार? इथं, या हॉलमध्ये, पेशंटला फुंकर मारायला लावणार?"

मग सरांनीच खिडकीबाहेर बोट दाखवलं. मागच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. "वारा आहे तिथं. दोघंच जा. किट उतरवायचं नाही."

लिंबाखाली आबांना स्टुलावर बसवलं. मी दातांमागचं मेण नखाएवढं खरवडायचे, कवळी त्यांच्या तोंडात घालायचे आणि म्हणायचे, फुंका. फुस्स. पुन्हा काढा, पुन्हा खरवडा. फुस्स. हवा कुठून निसटते ते दिसायला मला अगदी समोरच बसावं लागत होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला माझ्या शील्डवर बारीक बारीक थेंब दिसले. ज्या थेंबांना भिऊन मी घरी बसणार होते तेच हे, डोळ्यांपुढं चार बोटांवर. आणि माझ्याच तोंडून निघालं, "अजून जोरात, आबा."

आबांनी छाती भरून घेतली. आधी एक फाटकी हवा आली, मग तिच्यातून बारीक आवाज निघाला, आणि मग ती आली. माझ्या लहानपणीची, थांबायची शीळ. गेटजवळ झोपलेलं कुत्रं ताडकन उठून उभं राहिलं. हॉस्टेलच्या खिडक्यांत पोरी आल्या. सर व्हरांड्यात उभे होते, त्यांनी नुसती मान हलवली. आबांचे डोळे भरले होते आणि माझेही. आबांनी पटक्याच्या शेवानं पुसले. मला गॉगलमुळं पुसताही येईनात, मी तशीच आंधळ्यासारखी बसून राहिले. इतकं बरं मला त्या अख्ख्या वर्षात कधी वाटलं नव्हतं.

कॉलेज पुन्हा बंद होणार अशी आवई उठली होती, म्हणून पक्की कवळी मी तीन दिवस दुसरं कुठलंही काम न करता घासून, चकाकवून दिली. पाडव्याला तेव्हा अडीच आठवडे उरले होते. आबांनी ती तोंडात घातली, आरशात बघितलंसुद्धा नाही, आणि दुपारची एसटी पकडायला गेले.

त्या रविवारी मी घरी आले. आबांचा कळप आमच्या वावरापलीकडच्या माळावर होता. सोमलिंग काठी घेऊन पुढं, आबा मागं. मेंढ्या चरत चरत हायवेच्या अंगाला सरकायला लागल्या तशी जगदेवीनं पदर खोचला. आबांनी तिला हातानं थांबवलं आणि शीळ घातली.

काही झालं नाही. कळप चालतच राहिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की साडेतीन वर्षं झाली, यातली बहुतेक मेंढरं त्यानंतर जन्मली, त्यांनी ही शीळ ऐकलेलीच नाही. आबांनी पुन्हा घातली, या वेळी लांब. कळपाच्या मधोमध एका म्हाताऱ्या मेंढीनं खाणं थांबवलं आणि मान वर केली. मग दुसरीनं. त्या जुन्या सात-आठ मेंढ्या थांबल्या, वळल्या आणि आबांकडं चालायला लागल्या. आणि बाकीची तरणी मेंढरं, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ती त्यांच्या मागं निघाली.

सोमलिंग वाटेत उभा होता. कळप त्याच्या दोन्ही अंगांनी बापाकडं गेला. तो मागोमाग आला, हातातली काठी त्यानं आबांना दिली आणि कळपाच्या मागं जाऊन उभा राहिला. पाडव्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

दुपारी बाभळीखाली आम्ही सगळे जेवायला बसलो. मी मुद्दाम आबांच्या समोर बसले. माझ्या हातानं केलेल्या कवळीनं पहिला घास कसा चावतात ते मला बघायचं होतं, जर्नलमध्ये लिहायचं होतं. आबांनी भाकरी हातात घेतली. मग कवळी तोंडातून काढली, धोतराला पुसली, चंचीत त्या कार्डाशेजारी ठेवली आणि भाकरी दुधात कुस्करायला लागले.

"आबा, अहो जेवायला तरी घाला," मी चिडून म्हणाले.

"खुळी का काय तू," आबा म्हणाले. "कामाची वस्तू हाय, जेवनात कशापायी झिजवू?"

आता नळदुर्गात माझा स्वतःचा दवाखाना आहे. नवीन पेशंट आला की मी त्याला आधी विचारते, दात कशाला पाहिजेत. लोक विचित्र नजरेनं बघतात, पण सांगतात. आबा वर्षातून एकदा तपासायला येतात, ते पिवळं कार्ड दाखवतात, आणि मी त्यावर पुढची तारीख घालून देते.